तांब्यावर कोरलेली प्रतिष्ठा

इ. स. १६५५ सालीं ॲम्स्टरडॅम शहरांत एका घराच्या खरेदीचें बोलणें चाललें होतें. घर विकणारा डिर्क व्हान काटेनबुर्ख नांवाचा गृहस्थ, आणि घेणारा चित्रकार रेम्ब्रांट. रेम्ब्रांटचा हात त्या वेळीं फार आंखडलेला होता. तेव्हां किंमतीचा कांहीं भाग रोख न देतां चित्रांच्या रूपानें फेडावा, असें उभयतांत ठरत होतें. या कराराच्या कागदांत एक कलम आहे, तें मोठें वाचण्यासारखें आहे. घर विकणाराचा भाऊ ऑटो याची तसबीर रेम्ब्रांटनें त्यास प्रत्यक्ष समोर बसवून तांब्याच्या पत्र्यावर करून द्यावी; ती यान सिक्स यांच्या तसबिरीच्या तोडीची असावी; आणि तिच्याबद्दल चारशें गिल्डर वळते करून घ्यावे. चारशें गिल्डर म्हणजे त्या काळीं चांगल्या कसबी कारागिराच्या वर्षाच्या कमाईपेक्षांही अधिक रक्कम.

तसबीर ऑटोसारखी हुबेहूब असावी, असें या कलमांत मुख्यत्वेंकरून म्हटलेलें नाहीं. ती सिक्सच्या तसबिरीसारखी असावी, असें म्हटलें आहे. लग्नाच्या यादींत “अमक्यांच्या घरच्या कार्याला शोभेल असें” म्हणून लिहून घेणारे व्याही आपल्याकडे कांहीं थोडे नाहींत. तेव्हां या डच गृहस्थाचें मन ओळखण्यास आमच्या वाचकांस फारसें अवघड जाऊं नये. पुढें तो व्यवहार तडीस गेला नाहीं, आणि ऑटोची तशी तसबीर आजवर कोणाच्या पाहण्यांत नाहीं. परंतु एका कागदी चित्राकरितां मनुष्य घराच्या किंमतीचा एवढा भाग सोडावयास कां तयार व्हावा, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचा उलगडा करूं लागलें म्हणजे सतराव्या शतकांतील डच समाजाचें अंतरंग बरेंच उघडें होतें.

हॉलंड व त्याच्या शेजारचे प्रांत यांनीं स्पेनच्या राजाचें स्वामित्व १५८१ सालीं झुगारून दिलें, आणि पुढें अनेक वर्षें लढून १६४८ च्या म्यून्स्टरच्या तहानें आपलें स्वातंत्र्य सर्वांकडून मान्य करून घेतलें. या नव्या राज्यांत राजा नव्हता. ऑरेंज घराण्याचा सेनापति होता, हेग येथें त्याचा बेताबाताचा दरबारही होता. परंतु शहरांचा खरा कारभार व्यापारांत पैसा मिळविलेल्या थोड्याशा घराण्यांच्या हातीं होता. त्यांना ‘रेखेंट’ म्हणत. जुने सरदार संख्येनें थोडे. पदव्या, जहागिरी, मानाचे पोषाख वांटणारा धनी कोणी नाहीं. अशा समाजांत कापड रंगविणाराचा नातू नगरपालक होऊं लागला, दारूचीं पिंपें वाहणाराचा मुलगा सेनापति होऊं लागला. मग मोठेपणा दाखवावयाचा कशानें? कालव्याच्या कांठीं उंच घर बांधतां येई, त्यांत तैलचित्रही लावतां येई. पण तैलचित्राची एक अडचण अशी कीं, तें घराच्या भिंतीवरच राहतें. ज्याला आपण दिवाणखान्यांत बसवून घेऊं त्यालाच तें दिसणार. कोरीव तसबिरीचें तसें नव्हे. ती मित्राच्या घरीं जाते, शिष्याच्या पुस्तकांत बसते, परगांवच्या पंडिताच्या टेबलावर पोंचते, आणि पुस्तकाच्या दुकानांत दोरीवर टांगलीही जाते. आपला चेहरा दुसऱ्याच्या घरांत सन्मानानें राहणें, ही गोष्ट त्या समाजांत पदवीच्या ठिकाणीं झाली.

ही तसबीर तयार कशी होत असे, तें थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढील भाग नीट ध्यानांत यावयाचा नाहीं. आपल्याकडे तांब्यावर कोरण्याची चाल जुनीच आहे. राजांनीं ब्राह्मणांस व देवस्थानांस दिलेल्या दानांचे ताम्रपट आपण वस्तुसंग्रहालयांत पाहतों. परंतु ताम्रपटांत पत्रा हाच अस्सल दस्तऐवज. अक्षरें त्यावरच वाचावयाचीं. डच कारागिराचा पत्रा म्हणजे केवळ बीं. पीक कागदावर यावयाचें. पत्रा घांसून आरशासारखा गुळगुळीत करावयाचा. मग पोलादाची चौकोनी, तिरप्या तोंडाची कोरणी घेऊन तिची लांकडी मूठ तळहातांत धरावयाची आणि ती पुढें रेटीत रेषा खोदावयाची. रेषेला वळण द्यावयाचें असल्यास हात वळवावयाचा नाहीं. कातड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच सावकाश फिरवावयाचा. जोर अधिक दिला कीं रेषा रुंद, कमी केला कीं बारीक. सर्व खोदून झालें म्हणजे खांचांत शाई भरून वरचा भाग स्वच्छ पुसावयाचा, त्यावर ओलसर कागद घालावयाचा, आणि दोन लाटांच्या मधून सारें दाबून काढावयाचें. खांचांतली शाई कागद ओढून घेतो. अर्थात् चित्र उलटें उमटतें. मूळ चित्र उलटें करून न खोदल्यास कागदावर गृहस्थाची तरवार उजव्या कमरेस लागलेली दिसे आणि उजव्या हातांतली लेखणी डाव्यांत जाई. या घाईचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

दुसरी रीत तेजाबाची. पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईनें त्यावर चित्र काढावयाचें आणि पत्रा तेजाबांत बुडवावयाचा. उघड्या पडलेल्या रेषा तेजाब खाऊन टाकतो. यांत हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो. रेम्ब्रांटची रीत मुख्यत्वें हीच. शिवाय नुसत्या सुईनेंच तांब्यावर ओरखडे काढण्याची एक तिसरी रीत आहे. तिनें छायेला मखमलीसारखी मऊ खोली येते, पण पन्नासएक प्रती काढल्या कीं ती झिजून जाते. उलट कोरणीनें खोल खोदलेला पत्रा हजारभर चांगल्या प्रती सहज देतो. हा फरक वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें एका प्रतिष्ठित मृताची तसबीर याच फरकामुळें फसली, ती हकीकत यावयाची आहे.

कोरणीच्या रीतीला हॉलंडांत जो मान चढला, त्याचें पुष्कळसें श्रेय हेंड्रिक गोल्ट्सियस (१५५८–१६१७) याला आहे. लहानपणीं विस्तवांत पडून याचा उजवा हात भाजला होता, आणि त्याचीं बोटें पुरतीं सरळ होत नसत. त्याच वांकड्या हाताचें त्यानें स्वतः १५८८ सालीं काढलेलें रेखाचित्र अद्याप हार्लेम येथें आहे. कोरणी तळहातांत आंवळून धरावयास असा हात सोयीचाच पडला असावा, असें तज्ज्ञ म्हणतात. फुगत जाणारी आणि पुन्हां निमुळती होणारी त्याची रेषा पाहिली म्हणजे ती धातूवर खोदलेली आहे हें खरें वाटत नाहीं. ज्या डिर्क कूर्नहेर्ट या विद्वान गृहस्थापाशीं तो ही विद्या शिकला, त्याच्या मृत्यूनंतर त्याची मोठी तसबीर गोल्ट्सियसनें कोरली. गुरूच्या ऋणाची फेड करण्याचे मार्ग नाना प्रकारचे असतात. या कलेंत याहून सरस फेड आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

गोल्ट्सियसनंतरच्या पिढींत हा धंदा चांगलाच बसला. डेल्फ्ट शहरीं मिखील व्हान मिरेव्हेल्ट हा राजघराण्यांचा व बड्या लोकांचा चित्रकार होता. त्याचा जांवई विलेम डेल्फ हा कोरणीचा वस्ताद. सासऱ्यानें रंगवावें आणि जांवयानें कोरावें, अशी ही घरचीच पेढी होती. मिरेव्हेल्टकडे तैलचित्र करवून घेणारा मनुष्य त्याच दारीं आपल्या चेहऱ्याच्या शेंकडों प्रतींची सोय करूं शके. हार्लेमला फ्रान्स हाल्स हा थोर चित्रकार कोरणाऱ्याच्या उपयोगाकरितांच जणूं कित्येक चिमुकलीं चित्रें काढून देई. तेथील लॅटिन शाळेचे मुख्य थिओडोरुस श्रेव्हेलियस यांचें त्यानें १६१७ सालीं तांब्याच्या पत्र्यावर काढलेलें रंगीत चित्र जेमतेम वीतभर आहे; पुढल्याच वर्षीं गोल्ट्सियसचा सावत्र मुलगा याकोब माथाम यानें त्यावरून तसबीर कोरली. शाळामास्तराची तसबीर कोरली जाते, ही गोष्ट आम्हांस त्या समाजाची मोठी शोभा वाटते. हेच श्रेव्हेलियस पुढें १६४८ सालीं हार्लेमचा इतिहास लिहून त्यांत हाल्सचीही स्तुति करून गेले. एकानें चेहरा राखला, दुसऱ्यानें नांव.

आतां ही तसबीर दिसावयाची कशी तें पाहूं. बहुधा मध्यें लंबवर्तुळाकार चौकट, तिच्या कांठानें लॅटिन भाषेंत नांव, हुद्दा व वय. वय लिहिण्याची चाल तर जवळजवळ सार्वत्रिक. कोपऱ्यांत घराण्याची ढाल. नसल्यास ती नव्यानें बनविली जाई. कोठें एखादें ब्रीदवाक्य. खालीं चार किंवा अधिक ओळींचें लॅटिन पद्य, आणि अगदीं तळाशीं बारीक अक्षरांत तीन नांवें : रंगविणाराचें ‘पिंक्सिट’, कोरणाराचें ‘स्कल्प्सिट’ आणि छापून विकणाराचें ‘एक्स्कूडिट’. म्हणजे एका चेहऱ्याखालीं चार लोकांची साक्ष : चित्रकार, कोरणारा, प्रकाशक आणि कवि. यांतली कवीची साक्ष सर्वांत महत्त्वाची मानली जाई. पैसे देऊन तिघांना कामास लावतां येई. परंतु नामांकित कवीनें आपल्या नांवानिशीं दोन ओळी लिहून द्याव्या, हें केवळ पैशानें साधत नसे. त्याकरितां ओळख, शिफारस, पत्रव्यवहार, कधीं नुसती चिकाटी लागे.

या चिकाटीचा मासला पाहावयाचा असेल तर लीव्हेन व्हान कॉपेनॉल या गृहस्थाकडे पाहावें. हा ॲम्स्टरडॅमचा अक्षरगुरु. अक्षर खरोखरच सुंदर. पण स्वतःच्या अक्षराचें आणि चेहऱ्याचें त्याला विलक्षण वेड. आपल्या हातच्या लेखनाचे नमुने तो कवींना पाठवी आणि त्यांच्याकडून स्तुतिपर पद्यें मागे. रेम्ब्रांटनें १६५८ च्या सुमारास त्याच्या दोन तसबिरी केल्या, एक लहान व एक मोठी. त्याच वर्षीं कॉर्नेलिस व्हिसर या कोरणाऱ्याकडूनही त्यानें आपली तसबीर करविली. आणि एवढ्यानें न भागून, तसबिरीच्या कांहीं प्रतींवर मोकळ्या जागेंत त्यानें स्वतःच्या घोटीव अक्षरांत स्वतःची स्तुति उतरून ठेवली. अशा प्रती अद्याप पाहावयास मिळतात. त्या पाहून प्रथम हंसूं येतें. पण मनुष्याचें अक्षर तो मेल्यावरही आपण होऊन बोलतें, हा त्याचा विश्वास अगदींच वेडगळ होता असें आमच्यानें म्हणवत नाहीं. मोठ्या तसबिरींत हातांत कागद धरून आपल्याकडे पाहणारा तो थोराड म्हातारा आज कॉपेनॉलच्या कवींपेक्षां अधिक लोकांना ठाऊक आहे.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट धर्मोपदेशकांची. डच कॅल्विनपंथी लोकांनीं १५६६ च्या दंगलींत देवळांतल्या संतांच्या मूर्ति फोडल्या, चित्रें फाडलीं, भिंती पांढऱ्या केल्या. देवळांत चित्र नको, असा त्यांचा कटाक्ष. परंतु त्याच लोकांच्या नातवंडांनीं आपल्या आवडत्या उपदेशकाची कोरीव तसबीर घरांत लावण्यास मुळींच कुचराई केली नाहीं. उपदेशकांच्या जितक्या तसबिरी त्या शतकांत निघाल्या, तितक्या व्यापाऱ्यांच्याही निघाल्या नसतील. यांत निव्वळ भक्ति नव्हती. १६१८–१९ च्या डोर्ट येथील धर्मसभेपासून पंथांत दोन तट पडले होते. कोणाच्या भिंतीवर कोणता उपदेशक आहे यावरून घरचा कल ओळखतां येई. हरलेल्या पक्षाचे पुढारी योहानेस व्हिटेनबोगार्ट यांना देशाबाहेर जावें लागलें होतें. ते १६२६ त परतले. त्यांची तसबीर रेम्ब्रांटनें १६३५ त केली, आणि खालचें पद्य कोणाचें? ह्यूगो ग्रोशियसचें. ग्रोशियस म्हणजे तोच प्रसिद्ध कायदेपंडित, जो याच तंट्यापायीं जन्मठेप भोगीत असतां पत्नीच्या युक्तीनें पुस्तकांच्या पेटींत बसून १६२१ सालीं किल्ल्यांतून निसटला. एका हद्दपार झालेल्यानें दुसऱ्या हद्दपारींतून परतलेल्याच्या चेहऱ्याखालीं नांव घातलें. अशा कागदाला नुसती तसबीर म्हणणें कमीपणाचें होईल. तें एक जाहीर मतपत्रच होतें.

याच्या उलट कॉर्नेलिस आन्स्लो. हा मेनोपंथी उपदेशक, धंद्यानें कापडाचा श्रीमंत व्यापारी. मेनोपंथ म्हणजे साधेपणाचा हट्ट. रत्न नको, रंगीत कपडा नको. मग तसबीर चालेल का? १६४१ सालीं रेम्ब्रांटनें केलेल्या त्याच्या तसबिरींत तो ग्रंथाकडे बोट दाखवीत बसला आहे. मागें भिंतीवर नुसता खिळा आहे, आणि त्या खिळ्यावरचें चित्र खालीं उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलेलें आहे. कवि फोंडेलनें आन्स्लोवर पद्य लिहून, या माणसाचा आवाज रंगवून दाखवा, चेहरा काय कोणीही काढील, असा सूर लावला होता. चित्रापेक्षां शब्द श्रेष्ठ, हें सांगणारें हें चित्र आहे! लोकरी अंगरख्याचा भारी पोत मात्र चित्रकारानें लपविलेला नाहीं.

तसबीर जिवंत माणसाचीच काढीत असें नाहीं. रेम्ब्रांटच्या सासरच्या नात्यांतले उपदेशक यान सिल्व्हियस १६३८ त वारले. त्यांची तसबीर त्यानें १६४६ त केली. लंबवर्तुळाच्या चौकटींतून त्यांचा हात बाहेर आला आहे आणि त्याची सावली चौकटीवर पडली आहे. जणूं मृत माणूस आठ वर्षांनीं खिडकींतून ओणवा होऊन आप्तांशीं बोलतो आहे. भोंवतालीं लॅटिन पद्यें. हा कागद भक्तांकरितां होता तितकाच घरच्या माणसांकरितां होता, असें आम्हांस वाटतें.

आतां ज्याच्या तसबिरीशीं ऑटोची तुलना व्हावयाची होती त्या यान सिक्सकडे वळूं. याचे पूर्वज फ्रान्सकडून धर्मच्छळामुळें आलेले. कापड व कापडाच्या रंगाईच्या धंद्यांत घराणें गबर झालेलें. यान १६१८ त जन्मला, कविता-नाटकांत रमला, आणि रेम्ब्रांटचा मित्र बनला. १६४७ च्या तसबिरींत तो एकोणतीस वर्षांचा आहे. खिडकीला टेंकून उभा. मागून येणाऱ्या प्रकाशांत हातांतलें लिखाण वाचीत आहे. पाहणाराकडे त्याचें लक्षच नाहीं. ढाल नाहीं, हुद्दा नाहीं, स्तुतीचें पद्य नाहीं. पुढें पत्र्यावर नांव व वय तेवढें घातलें गेलें. खोलींत एका बाजूला तरवार पडली आहे. ज्याला आपण कोण हें सांगण्याची गरज नाहीं, तोच असा पाठमोऱ्या उजेडांत वाचीत उभा राहूं शकतो. आणि ही गोष्ट तसबीर न सांगतां सांगते. खोलीच्या अंधारांतले कोपरे सुईच्या बारीक रेषांनीं असे भरले आहेत कीं डोळे रुळल्यावर एकेक वस्तु वर येते. कांहीं प्रती जपानी कागदावर काढलेल्या आहेत. हा पिवळसर, रेशमासारखा कागद डच कंपनीच्या जहाजांतून येई आणि महाग पडे. म्हणजे एकाच पत्र्यावरच्या प्रतींतही प्रती कोणाला कोणती द्यावयाची, हा पंक्तिभेद होताच!

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, या तसबिरीचा पत्रा सिक्सच्या घराण्यांत राहिला. पत्रा ज्याच्या हातीं, त्याच्या चेहऱ्याची मालकी त्याच्या हातीं. किती प्रती काढावयाच्या, कोणाला द्यावयाच्या, हें घर ठरविणार. १६५५ त सिक्सनें डॉक्टर व नगरपालक निकोलास टुल्प यांची कन्या मार्गारेथा हिच्याशीं विवाह केला, आणि १६९१ त तो स्वतः ॲम्स्टरडॅमचा नगरपालक झाला. म्हणजे तसबीर आधीं आणि अधिकार चव्वेचाळीस वर्षांनीं. ऑटोच्या घरच्या मंडळींस १६५५ तच कोणाच्या तोडीचें मागावें हें बरोबर कळलें होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पत्रा घरांत नसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण दर्यासारंग मिखील द रॉयटरचें. याचा बाप फ्लशिंग बंदरांत दारूचीं पिंपें वाहणारा. मुलगा इंग्रजांना व फ्रेंचांना समुद्रावर पुरून उरला; त्याच्या तसबिरी अनेक कोरणाऱ्यांनीं काढल्या आणि त्या दुकानादुकानांतून खपल्या. येथें प्रतिष्ठा लोकांनीं विकत घेतली, धन्यानें वांटली नाहीं. परंतु लोकांच्या हातीं गेलेला चेहरा लोकांच्या मनाबरोबर फिरतो. राज्याचे मुख्य कारभारी योहान द विट यांच्या तसबिरी वीस वर्षें सन्मानानें विकल्या गेल्या. १६७२ च्या ऑगस्टच्या २० तारखेस हेग येथें जमावानें त्यांना व त्यांचे बंधु कॉर्नेलिस यांना ठार मारिलें, आणि त्याच वर्षीं रोमेन द होख यानें त्या भयंकर प्रसंगाचें कोरीव चित्र काढून बाजारांत आणलें.

यांत स्त्रियांचें स्थान कोठें? घरच्या तैलचित्रांत नवराबायको जोडीनें असत. पण कोरीव तसबीर बहुधा नवऱ्याचीच निघे. राजस्त्रिया सोडल्यास परक्याच्या घरीं स्त्रीचा चेहरा जाणें रुचत नसे. म्हणूनच उट्रेख्ट येथील आन्ना मारिया व्हान शुर्मान (१६०७–१६७८) हिची गोष्ट निराळी काढून सांगितली पाहिजे. ही लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी इत्यादि भाषा जाणणारी विदुषी. १६३६ सालीं उट्रेख्टचें विद्यापीठ उघडलें तेव्हां उद्घाटनाचें लॅटिन पद्य हिनेंच रचलें. मात्र तेथील व्याख्यानें तिला पडद्याआड बसून ऐकावीं लागत. जिला पडद्यामागें बसविलें, तिनेंच आपला चेहरा स्वतःच्या हातानें तांब्यावर कोरला, आणि त्याच्या प्रती ती विद्वानांना पाठवी. १६३३ च्या तसबिरींत खालच्या फलकामागें तिनें आपले हात झांकून ठेवले आहेत. १६४० च्या तसबिरीखालीं स्वतःच रचलेल्या दोन लॅटिन ओळींत, कलेंत उणें असेल तें पाहणारानें सांभाळून घ्यावें, अशी तिची विनंती आहे. पुरुषांच्या तसबिरीखालीं दुसऱ्याची स्तुति, हिच्याखालीं स्वतःचा विनय. तरीही आपली तसबीर आपणच करून आपणच वांटणारी ही स्त्री त्या सर्व नगरपालकांहून आम्हांस धीट वाटते.

आतां वर कबूल केलेली हकीकत. लायडेन विद्यापीठांतील वैद्यकाचे अध्यापक यान आन्टोनिडेस व्हान डर लिंडेन १६६४ त वारले. त्यांच्या ग्रंथाच्या आरंभीं त्यांची तसबीर घालावी, म्हणून प्रकाशक व्हान खासबेक चांगला कोरणारा शोधीत होता. रेम्ब्रांटचें दिवाळें १६५६ तच वाजलें होतें. (घरच्या चीजवस्तूंचा लिलाव ज्या थॉमस हारिंग नामक अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं झाला, त्याचीही शांत, दयाळू तसबीर रेम्ब्रांटनें करून ठेवली आहे, हें जातां जातां सांगावेंसें वाटतें.) तेव्हां पोरगा टायटस बापासाठीं कामें शोधी. त्यानें प्रकाशकाला सांगितलें, माझे वडील करतील. प्रकाशक म्हणाला, ते तेजाबानें करतात, आम्हांस कोरणीचें पाहिजे. पुस्तकाला शेंकडों प्रती लागतात. त्याचें म्हणणें धंद्याच्या दृष्टीनें रास्तच होतें. टायटसनें बापाची रदबदली केली : त्यांनीं एकदां एका लहानशा बाईचें चित्र कोरणीनें असें केलें होतें कीं पाहणारे थक्क झाले. ही सारी बातचीत टायटसच्या १६६५ च्या जबानींत नमूद आहे. काम मिळालें. रेम्ब्रांटनें तसबीर केली, पण आपल्याच रीतीनें. तेजाबावर सुईचे मऊ ओरखडे घालून. प्रती थोड्या निघाल्या कीं पत्रा झिजला. पुस्तक तसबिरीवांचून बाहेर पडलें. ही रेम्ब्रांटची शेवटची कोरीव तसबीर. तेवीसचोवीस वर्षांच्या त्या मुलानें बापाच्या हाताची दिलेली ग्वाही वाचतांना मन भरून येतें, एवढें खरें.

अशा तसबिरी जमविण्याचा नाद लौकरच लागला. लोक त्या वह्यांत चिकटवून, हुद्द्यांच्या व गांवांच्या क्रमानें लावून ठेवीत. चेहरे जमविण्याच्या या डच नादाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकांत डचांची वखार होती, आणि मसुलीपट्टण व गोवळकोंडें यांच्याशींही त्यांचा व्यापार चाले. ॲम्स्टरडॅमचा नगरपालक निकोलास विट्सेन याच्या संग्रहीं गोवळकोंड्याकडील चितारी लोकांनीं १६८६ च्या सुमारास काढलेल्या हिंदी राजपुरुषांच्या चित्रांची एक वही होती. तींत शिवछत्रपतींचेंही चित्र आहे, आणि ती वही आज ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. पुढें १७२४–२६ सालीं पाद्री फ्रान्सुआ व्हालेन्टाइन याचा पूर्वेकडील देशांविषयींचा पांच भागांचा ग्रंथ निघाला; त्यांत मोगल बादशहांच्या जोडीला महाराजांची कोरीव तसबीर छापलेली आहे. रायगडावर ज्यांना राज्याभिषेक झाला, त्यांचा चेहरा हॉलंडांतील पुस्तकांच्या दुकानांत अशा रीतीनें पोंचला.

अठराव्या शतकांत याकोबुस हाउब्राकेन (१६९८–१७८०) यानें शेंकडों तसबिरी कोरून इतिहासाच्या ग्रंथांना पुरविल्या, आणि चेहरा पाहिल्यावांचून इतिहास वाचणें डच वाचकास गोड लागेनासें झालें. १८५३ सालीं ॲम्स्टरडॅमचा ग्रंथविक्रेता फ्रेडेरिक मुलर यानें डच लोकांच्या तसबिरींची जी वर्णनात्मक यादी छापली, तींत सात हजार तसबिरी आहेत. उपदेशक, अध्यापक, दर्यासारंग, वैद्य, कवि, अक्षरगुरु, सारे तींत सांपडतात. सिक्सच्या तसबिरीचा तांब्याचा पत्रा मात्र अद्याप त्याच्या वंशजांच्या संग्रहांत आहे.